धोंडूबाईच्या अंगणातला ठिपका

३ नोव्हेंबर, सोमवार

पृथ्वीशी माझा वाद आहे आणि तो आज मी लेखी नोंदवून ठेवतो. आमची सोसायटी माणिकपुरात ज्या जागी उभी आहे ती जागा फोनमधल्या नकाशाला मान्य नाही. नकाशाच्या मते आम्ही शेजारच्या इमारतीत, तळमजल्यावर, फ्लॉसीबाई डाबरे यांच्या स्वयंपाकघरात राहतो. परिणामी माझं गुडघ्याचं मलम, पुण्याहून मागवलेला न्यायशास्त्राचा ग्रंथ आणि आज सकाळचा मसाला डोसा हे सर्व प्रथम फ्लॉसीबाईंच्या दारी अवतरलं. ग्रंथ परत आला. मलम अर्धं आलं. डोसा आला नाही.

“सर, तुमचा डोसा मी खाल्ला,” त्यांनी खिडकीतून स्वतःच सांगितलं. “तुमच्याकडे पाठवेपर्यंत थंड झाला असता. तुम्हाला थंड आवडत नाय.”

या उपकाराची परतफेड कशी करावी, याचं शास्त्रवचन मला आठवलं नाही. नकाशावाल्यांकडे मी पुन्हा तक्रार केली. तीत ‘स्थानभ्रंश’ हा शब्द घातला. यंत्राचं उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

संपदा, माझी मुलगी, चहा पिता पिता म्हणाली, “बाबा, फोन चुकत नाहीये. तो डिलिव्हरीवाला अगदी बरोब्बर जातोय. पत्ताच कुणीतरी चुकीचा टाकलाय.”

“मग दोष कुणाचा?”

“ते फोनला विचारून उपयोग नाही.”

संपदा इंजिनीयर आहे. सातिवलीत कल्पेश पाटील यांच्या गाळ्यात उन्हाळ्यापासून नोकरी करते. मी एका दैनिकाचा वसईचा वार्ताहर, संस्कृतात एम. ए. केलं आणि नाल्यांच्या बातम्या लिहितो. आमच्या घरात नक्की कोण शिकलेलं, हा प्रश्न जयवंतीसमोर, म्हणजे पत्नीसमोर, काढायचा नसतो. ती शाळेत गणित शिकवते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

संपादकांना ‘संरक्षणात वसईचा वाटा’ असा लेख हवा आहे. वाटा केवढा, हे त्यांनी विचारलं नाही. लेखाची लांबी मात्र सांगितली. संपदाबरोबर सातिवलीला गेलो.

शुक्रवार हा सातिवलीचा रविवार. सगळे गाळे बंद, वसाहतीची विजेची मोठी लाईन बंद, कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली. एकट्या कल्पेशचा गाळा चालू. का, असं विचारल्यावर त्यानं भिंतीवर थाप मारली.

“काका, पलीकडे पत्रा ठोकायचा प्रेस आहे. दिवसभर धाड धाड. आमची पेटी इतकी नाजूक, की त्या धक्क्यानं तिला वाटतं आपण कुठेतरी चाललोय. म्हणून मोजमाप फक्त शुक्रवारी, इन्व्हर्टरवर. ही शांतता आहे ना, तिच्यावर आमचा धंदा आहे.”

कल्पेश खाडीकाठचा. वडील धर्मा पाटील अजून भात लावतात, मुलगा आकाशातून पडणाऱ्या बॉम्बला रस्ता दाखवतो. (हे वाक्य लेखात घालणे.)

काम मला समजलं ते असं. विमानातून नुसता सोडलेला बॉम्ब दगडासारखा पडतो. त्याच्या शेपटीला एक संच बसवला की तो पंख हलवत हलवत सांगितलेल्या जागी जातो. आपण आत्ता कुठे आहोत, हे त्याला दोन वाटांनी कळतं. एक तर वरून उपग्रह सांगतात. शिवाय संचात एक पेटी असते; आपण किती वळलो, किती वेग घेतला हे ती स्वतःच मोजते आणि त्यावरून हिशेब लावते. ही पेटी कल्पेशची. जेवणाच्या डब्याएवढी आहे. प्रत्येक पेटी थोडी थोडी चुकतेच. तेव्हा तिच्या चुका आधी मोजून तिच्याच पोटात भरून ठेवतात, म्हणजे वेळ आली की ती त्या वजा करते. ही सोय माणसांत असती तर आमच्या संपादकांशी माझं बरं जमलं असतं.

संपदा दगडी ओट्यावरच्या, पेटी फिरवून मोजायच्या चकतीशी बसली होती. कोपऱ्यात कपाटाएवढं एक यंत्र, बंद. मी विचारलं, हे काय?

“कल्पेशला विचारा,” ती म्हणाली.

“शीतकपाट,” कल्पेश म्हणाला. “शुक्रवारी लाईन नसते ना, म्हणून बंद.” आणि चहा आला. मी पुढे काही विचारलं नाही. चहा चांगला होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

लेख आला. मथळा माझाच ठेवला: ‘वसईचा अचूक नेम’. सकाळपासून फोन. कल्पेशच्या गावानं तर येत्या अठ्ठावीसला मैदानावर त्याचा सत्कार ठरवला आहे. पेटी टेम्पोत ठेवून गाळ्यापासून मैदानापर्यंत आणायची, आणि ती आपला रस्ता कसा ओळखते हे मोठ्या पडद्यावर सर्वांना दाखवायचं. ज्या कंपनीला पेट्या जातात तिचे तपासनीसही येणार.

जयवंतीनं लेख वाचून विचारलं, “अचूक हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कल्पेशनं.”

“संपदानं नाही?”

असले प्रश्न हा तिचा व्यवसाय आहे. संपदानं लेख वाचला, नीट पसरला आणि त्यावर मटाराच्या शेंगा सोलल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घरात बर्फ नाही. लिंबाचं सरबत कोमट प्यायलो. साबुदाणा भिजवायचं मोठं स्टीलचं पातेलंही नाही. दोन्ही वस्तू संपदा घेऊन गेली, कारण सांगितलं नाही. दुपारी ॲल्रॉय आला. हा फ्लॉसीबाईंचा भाचा, त्याच गाळ्यात कामाला. हातात थर्माकोलचा खोका. त्याला असा वास, की बंदरावरची अख्खी होडी जिना चढून आली असं वाटलं. आमच्या घराण्यात आजवर बोंबलाचा उच्चारही हळू आवाजात झालेला आहे. संपदानं तो खोका हसत हसत स्कूटरवर घेतला आणि दोघं सातिवलीकडे गेली. सगळी सातिवली बंद असते त्या दिवशी. संध्याकाळी परतली तर बोटं लालबुंद, चेहरा उजळलेला.

धूर दिसला की अग्नी असणारच, एवढं तर्कशास्त्र मला येतं. जयवंतीला म्हटलं, “मुलगा चांगला आहे. माझी हरकत नाही. माशांचं मात्र बोलून घ्यावं लागेल.”

ती म्हणाली, “उद्या बाजारातून बर्फ आणा. जास्त आणा.”

फ्लॉसीबाई खिडकीतून: “काय ओ सर, आमच्या ॲल्रॉयला बर्फाचं काय खूळ लागलंय? माझी सुरमई उघडी पडली.”

त्यांच्याही लक्षात आलेलं दिसतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

धूर होता, अग्नी भलतीकडेच निघाला.

जेवताना संपदानं सगळं सांगितलं. विमान ज्या उंचीवरून जातं तिथे कडाक्याची थंडी. थंडीत पेटीच्या चुका बदलतात, आणि प्रत्येक पेटीच्या वेगळ्या बदलतात. त्या मोजायला पेटी शीतकपाटात ठेवावी लागते. शीतकपाटाला मोठी लाईन लागते, ती शुक्रवारी नाही. इतर दिवशी लाईन असते, पण पलीकडे प्रेस धडधडतो. म्हणजे शांतता असते तेव्हा थंडी नाही आणि थंडी असते तेव्हा शांतता नाही. कल्पेशनं यावर तोडगा काढला. पहिली पेटी बाहेरच्या प्रयोगशाळेतून व्यवस्थित मोजून आणली आणि तिच्या थंडीतल्या चुका पुढच्या सगळ्या पेट्यांत भरून टाकल्या.

“एकाची पत्रिका अख्ख्या वर्गाला,” मी म्हणालो.

“आणि मुहूर्त सगळ्यांचे काढून मोकळे,” जयवंती म्हणाली. ती जराही चकित झाली नव्हती. बर्फाचं कारण तिला पहिल्यापासून माहीत होतं. या घरात बातमी शेवटी वार्ताहराला कळते.

संपदा आणि ॲल्रॉय यांनी मासळीच्या खोक्यात बर्फ आणि मीठ घालून त्यात पेट्या गारठवून पाहिल्या. प्रत्येक पेटी आपापल्या दिशेला बहकली.

“मग त्या चाचणीत पास कशा झाल्या?”

“चाचणीत उपग्रह चालू होते, बाबा. ते सारखे सांगत होते, तू इथे आहेस, तू इथे आहेस. पेटीची चूक तिथल्या तिथे पुसली जात होती.”

हे तर आमच्या शास्त्रातलं निघालं. विश्वासू माणसाचं सांगणं ते शब्दप्रमाण, स्वतः खुणांवरून ताडायचं ते अनुमान. तिला म्हटलं, सांगणारा सोबत आहे तोवर आपलं अनुमान कच्चं आहे हे कळायची सोयच नाही.

“आणि लढाईत आधी सांगणाऱ्याचाच आवाज बुडवतात,” संपदा म्हणाली. “त्याला जॅमिंग म्हणतात. मग ही पेटी एकटी उरते. पुढच्या खेपेवर माझी सही लागते. मी करणार नाही.”

खोटं लिहायचं तर वर्तमानपत्र आहेच, म्हणून इथे खरं लिहितो. माझ्या मनात सर्वांत आधी तिची नोकरी आली. मग माझा मथळा आला. बॉम्ब तिसरा आला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कल्पेश घरी आला, सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा घेऊन. बसला, पाणी प्यायला, गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाला, “काका, तुम्ही समजवा हिला. खेप अडकली तर गाळा बंद. माझ्याकडे पोरं कामाला आहेत, त्यांना घरं आहेत.”

“मग कपाटाला जनरेटर घे,” संपदा म्हणाली.

“घेतो ना. ही खेप जाऊ दे.”

“ही खेप जायच्या आधी घे.”

“यार संपदा, तू आता शाळेसारखं करतेस. उपग्रह असतातच. आणि नसले तरी तिकडेच कुठेतरी पडणार ना? आपल्याकडे थोडंच पडणार आहे?”

“तिकडे म्हणजे कुठे?”

“तिकडे. शत्रूच्या इलाख्यात.”

“मग पत्ता सांग की. इलाख्यात घरं नसतात?”

कल्पेशनं माझ्याकडे पाहिलं. मी सुकेळीकडे पाहत होतो. तो वाईट माणूस नाही, हे लिहून ठेवतो. बापाची अर्धी जमीन विकून त्यानं तो गाळा घेतला. पण निघताना दारात चपला घालता घालता म्हणाला, “आणि काका, हे बाहेर गेलं तर गुप्ततेचा कायदा असतो. तुम्ही पत्रकार, तुम्हाला काय सांगायचं.”

तेव्हा कुठे माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “माझा लेख छापला तेव्हा यातलं काहीच गुप्त नव्हतं. कौतुक असेपर्यंत बातमी आणि चूक निघाली की गुपित, असा कायदा मी वाचलेला नाही. असला तर त्याची प्रत घेऊन ये. आणि सुकेळी राहू दे. ती निर्दोष आहेत.”

तो गेल्यावर गुडघे चोळत बसलो. मलम अर्धंच उरलं आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

संपादकांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सुधाकरराव, तुमची मुलगी तिथे नोकरीला आहे. म्हणजे तुमचा यात हितसंबंध आला.”

“पहिला लेख लिहिला तेव्हाही ती तिथेच होती.”

“तेव्हा प्रश्न आला नाही.”

“उत्तरही आलं नाही,” मी म्हणालो. हे वाक्य म्हणताना छान वाटलं. नंतर त्याचा अर्थ काय, हे मला स्वतःलाही सांगता येईना.

त्यांचा आदेश असा, की सत्काराची बातमी द्या, फोटो द्या, मथळ्यात ‘अचूक’ असू द्या; वाचकांना आवडला तो शब्द.

संपदाला विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, “तुम्ही काही करू नका. शुक्रवारी फक्त टेम्पोत बसा. आणि आईचं पातेलं मला पुन्हा लागणार आहे.”

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घडलं ते क्रमानं लिहितो.

गाळ्यासमोर झेंडूनं सजवलेला टेम्पो. पुढे ड्रायव्हरशेजारी धर्मा पाटील, केशरी फेटा बांधून, नवरदेवाच्या बापासारखे. मागे मी, संपदा, ॲल्रॉय, आणि कंपनीचे तपासनीस सुमेध कांबळे. शांत माणूस, चष्मा सारखा पुसणारा. आमच्या पायांशी मासळीचा खोका. कल्पेशनं खोका पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

“हे काय? डेमोला हे कशाला?”

संपदा सुमेधकडे वळली. ती सुमेधना म्हणाली, “सर, पेटी मी गार करून ठेवली आहे. विमानात असते तशी. आणि गावाजवळच्या बंधाऱ्यापासून पुढे मी उपग्रहाची अँटेना झाकणार आहे. चालेल?”

“ए, ठरलं नव्हतं असं,” कल्पेश म्हणाला.

सुमेधनी चष्मा पुसला. “झाका,” ते म्हणाले. “मलाही बघायचंय.”

कल्पेश टेम्पोत चढला नाही. मोटारसायकलनं पुढे गेला.

बंधाऱ्यापर्यंत सगळं थाटात. समोरच्या लॅपटॉपवर एक लाल ठिपका रस्त्याच्या रेघेवरून मुंगीसारखा आज्ञाधारक चालला होता. तेच चित्र मैदानातल्या मोठ्या पडद्यावर. बंधारा जवळ आला तशा टाळ्या आम्हाला टेम्पोत ऐकू येऊ लागल्या. बंधाऱ्यावर संपदानं टेम्पो थांबवला, टपावर चढली, अँटेनावर पातेलं पालथं घातलं आणि सुतळीनं बांधलं. जयवंतीच्या माहेरचं पातेलं. त्यावर तिच्या आईचं नाव कोरलेलं आहे.

“बॉम्ब सुटल्यापासून पडेपर्यंत जेवढा वेळ जातो, साधारण तेवढ्यातच आपण मैदानात पोचतो,” ती म्हणाली. “तेवढ्यात काय होतं ते बघा.”

पहिल्या वळणाला ठिपका वळला, पण जरा उशिरा. दुसऱ्या वळणाला त्यानं रस्ता सोडला. मग तो शेतातून निघाला, तळं ओलांडलं, अगदी ठामपणे, जराही न कचरता. चुकणाऱ्याचा इतका आत्मविश्वास मी यापूर्वी फक्त अग्रलेखांत पाहिला होता.

आम्ही मैदानात शिरलो. टेम्पो मंचासमोर उभा आणि पडद्यावरचा ठिपका पार तळ्यापलीकडे, एका कौलारू घराच्या अंगणात जाऊन बसलेला. मैदानात कुजबुज सुरू झाली. सूत्रसंचालक विघ्नेश, गावचा हजरजबाबी तरुण, माइकवर म्हणाला, “मंडळी, नेम आपल्या मैदानाचा होता बरं का. म्हणजे आपण सगळे वाचलो.”

हशा पिकला. धर्मा पाटील टेम्पोतून उतरून पडद्याजवळ गेले, डोळे बारीक करून बघितलं आणि मांडीवर थाप मारली.

“अरं, ह्यो तर आमचे धोंडूबाईचे अंगनात पडला. बरोबर पडला. आंब्याची फांदी तोडलीती तिनं.”

पुन्हा हशा. धोंडूबाई ही त्यांची विधवा भावजय. त्या आंब्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे, हे सगळ्या गावाला माहीत.

संपदानं विघ्नेशच्या हातातून माइक घेतला. मला वाटलं भाषण करील. तिनं एवढंच विचारलं, “धर्माकाका, त्या आत्ता घरी आहेत का?”

हशा चालूच होता, पण धर्मा पाटलांचा थांबला. ते पडद्याकडे बघत राहिले.

“आसंल की. जाईल कुठं. पाय मोडलाय तिचा,” ते म्हणाले. मग, “एकलीच असते.”

कल्पेश मंचावर शाल-श्रीफळाच्या तबकाशेजारी उभा होता. धर्मा पाटील वळले आणि फेट्यासकट तळ्याच्या बांधावरून चालू लागले. मी त्यांच्या मागे गेलो. वार्ताहर म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

धोंडूबाई ओटीवर पाय पसरून तांदूळ निवडत होत्या. अंगण शेणानं सारवलेलं, मधोमध दोन कोंबड्या. दिराला बघून सूप खाली ठेवलं.

“काय रं, फेटा बांधून आलास? कोन मेलं?”

“कोन नाय,” धर्मा पाटील म्हणाले. “बघाया आलो.”

“बग मंग. बस.”

ते बसले. दोघंही अंगणाकडे बघत राहिले.

३० नोव्हेंबर, रविवार

बातमी लिहिली ती जशी घडली तशी. दैनिकात फक्त फोटो आला, टेम्पोचा. खाली ओळ: ‘अचूक तंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक रंगले’. पातेलं फोटोतून कापलं आहे.

संपादकांना कळवलं की यापुढे वसईतले नाले ते स्वतः येऊन मोजू शकतात. ते म्हणाले, रागावू नका. मी म्हणालो, रागावलेलो नाही, लिहायचं थांबलो आहे. छापाल तेव्हा पुन्हा लिहीन.

मग बसनं कल्पेशच्या गावी गेलो. तिथे पाराजवळ एक फळा आहे. त्यावर नळाच्या वेळा आणि मयताच्या खबरा लिहितात. मी खडू मागून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘शुक्रवारी नेम मैदानाचा होता, ठिपका धोंडूबाईंच्या अंगणात पडला. पेटी थंडीत चुकते. ती दुरुस्त होईपर्यंत पाठवू नये.’ खाली माझं नाव घातलं. इतकी वर्षं पत्रकारिता केली, पण संपादकाविना पहिल्यांदाच छापून आलो.

कल्पेश मोटारसायकलवरून आला, वाचलं आणि पुसायला फडकं उचललं.

“ऱ्हाऊंदे,” पारावरून धर्मा पाटील म्हणाले.

“बाबा, तुम्हाला कळत नाय—”

“मला वाचता येतं. ऱ्हाऊंदे.”

फडकं खाली गेलं. त्यानं संपदाला मात्र उद्यापासून येऊ नकोस असा निरोप पाठवला. ती म्हणाली, बरं. मग ओट्याशी उभी राहून पातेलं घासत राहिली. खूप वेळ. स्वच्छ झाल्यावरही.

१३ डिसेंबर, शनिवार

घडामोडी. सुमेध कांबळे यांच्या कंपनीनं खेप नाकारली. याआधी गेलेल्या पेट्याही परत मागवल्या. गाळा बंद करा असं मात्र म्हणाले नाहीत. प्रत्येक पेटी थंडीत वेगळी मोजा, अँटेना झाकून दाखवा, आणि सही संपदा यांचीच हवी, एवढंच सांगितलं. कल्पेश पुन्हा सुकेळी घेऊन आला. या वेळी गुडघ्याची चौकशी केली नाही, थेट म्हणाला, “जनरेटर आणलाय. गाळ्याच्या मागे, रबराच्या पायांवर ठेवलाय, धक्का नको म्हणून. ये ना.”

“पोरं?” तिनं विचारलं.

“सगळी आहेत. कुणाला काढलं नाही.”

ती गेली. काल शुक्रवारी शांतता आणि थंडी दोन्ही एका वेळी त्या गाळ्यात हजर होत्या. संध्याकाळी पुन्हा टेम्पो निघाला, झेंडूशिवाय. पुन्हा पातेलं. ठिपका बंधाऱ्यावरून निघाला आणि रेघ न सोडता मैदानात आला. धर्मा पाटील पुढेच बसले होते, शेजारी काठी घेऊन धोंडूबाई. उतरल्यावर धोंडूबाईंनी लॅपटॉपकडे बघून विचारलं, “आता माझे घरावर नाय ना?”

“नाय,” धर्मा पाटील म्हणाले.

“मंग कोनाचे?”

ॲल्रॉय म्हणाला, “कोणाच्याच नाही, मावशी. मैदानावर.” धोंडूबाईंनी मैदानाकडे पाहिलं. तिथे मुलं क्रिकेट खेळत होती.

कल्पेश मला म्हणाला, “काका, आता तरी लिहा अचूक.” मी म्हणालो, बघतो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

संपदानं आज खेपेवर सही केली. प्रत्येक पेटी स्वतः तपासून. घरी आली तेव्हा हात गार होते. जयवंतीनं तिच्या आवडीचा शिरा केला. तिनं खाल्ला. मी म्हणालो, “जिंकलीस.” ती “हं” म्हणाली. मग आपणहून म्हणाली, “सुमेध सरांना विचारलं मी, कुठे पडायचं ते आकडे कोण भरतं. ते म्हणाले, तो आपला विभाग नाही.” आणि झोपायला गेली, अजून उजेड असताना. दमली असेल.

त्याआधी सकाळी मी डोसा मागवला होता. खाली आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेलो. डिलिव्हरीवाला फ्लॉसीबाईंच्या दारात उभा, त्या माझ्याकडे बोट दाखवताहेत आणि तो ऐकायला तयार नाही. मला फोन दाखवून म्हणाला, “सर, बघा तुम्ही. मी अगदी बरोबर जागी आलोय. एक पाऊल इकडे-तिकडे नाही.”

खरंच नव्हतं. निळा ठिपका बरोब्बर फ्लॉसीबाईंच्या उंबऱ्यावर होता. नकाशाविरुद्धची माझी तक्रार अजून प्रलंबित आहे.

डोसा फ्लॉसीबाईंबरोबर वाटून खाल्ला. थंड होता.

लेखासाठी ‘अचूक’ हा शब्द आज पुन्हा लिहून पाहिला आणि खोडला. गंमत पुरे. जी काळजी आहे ती सरळ लिहितो. ती पेटी आता चुकणार नाही. जिथे सांगतील तिथेच जाऊन पडेल, कुणी तिचा आवाज बुडवला तरीसुद्धा. जिथे पडेल तिथे कुणी ओटीवर तांदूळ निवडत बसलेलं असेल का, हे मला माहीत नाही. पत्ता सांगणाऱ्याला कुणी बर्फात घालून तपासलेलं नाही. आणि खाली सही माझ्या मुलीची आहे.